घसरलेल्या विद्यार्थ्याचे ओझे उतरवणारे कॉलेज

आमची मुलगी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका लहान ख्रिस्ती कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. ती ऑगस्ट २०२३ मध्ये गेली, तेव्हापासून सांगली-मिरजेतील आठ-दहा पालकांनी माझ्याकडे या कॉलेजची चौकशी केली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न फीचा, दुसरा वसतिगृहाचा आणि तिसरा जेवणाचा होता. तिथे अभ्यासाचा दर्जा कशावर ठरतो, एका सत्रात किती विषय घ्यावे लागतात आणि मूल मागे पडले तर कॉलेज नेमके काय करते, हे मात्र कोणी विचारले नाही. मी सांगलीतील एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात सत्तावीस वर्षे काम करून निवृत्त झालो. परीक्षा अर्ज, लेजर, गुणपत्रिका आणि एटीकेटीच्या याद्या यांतच माझे आयुष्य गेले, त्यामुळे कॉलेजची इमारत पाहण्याआधी मी त्याचे नियम वाचतो. हा परिचय त्या नियमांचा आणि ते आमच्या मुलीला कसे लागू झाले याचा आहे. कॉलेजचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी लिहायच्या आहेत आणि त्यांपैकी एक अजून त्यांच्या विचाराधीन आहे.

आम्ही मिरजेचे ख्रिस्ती कुटुंब आहोत. माझी आई मिशन हॉस्पिटलात परिचारिका होती. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या त्या हॉस्पिटलाच्या आवारातच माझे लहानपण गेले. ख्रिस्ती कॉलेज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचे १८३२ चे विल्सन, १८६९ चे सेंट झेवियर्स किंवा १९४७ चे अहमदनगर कॉलेज येते. ही कॉलेजे नावाजलेली खरी, परंतु आपल्या पद्धतीत अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी या गोष्टी मुख्यतः विद्यापीठाच्या हातात राहत आल्या आहेत. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांना १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे नियम लागू आहेत आणि प्राचार्य कितीही कनवाळू असले तरी त्या नियमांबाहेर जाऊन त्यांना फारसे काही करता येत नाही. अमेरिकेतील कॉलेज, मग ते हजार-दीड हजार विद्यार्थ्यांचे का असेना, अभ्यासक्रम स्वतः आखते, परीक्षा स्वतः घेते आणि पदवीही स्वतःच देते. त्यामुळे तिथला दर्जा तपासायचा असेल तर त्या कॉलेजचा वार्षिक नियमग्रंथ, ज्याला ते कॅटलॉग म्हणतात, तो वाचण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या मुलीच्या कॉलेजला हायर लर्निंग कमिशन या १८९५ पासून काम करणाऱ्या संस्थेची मान्यता आहे, ही गोष्ट मी सर्वांत आधी पाहिली. शिवाय ते १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती कॉलेजांच्या परिषदेचेही सदस्य आहे. हे सदस्यत्व म्हणजे शैक्षणिक मान्यता नव्हे. माहितीपत्रकात ही दोन चिन्हे शेजारी शेजारी छापलेली असतात आणि पालकांचा घोटाळा होतो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

पहिल्या सत्राचे वेळापत्रक मुलीने पाठवले तेव्हा मला, खरे सांगायचे तर, आपण फसलो असे वाटले. पूर्ण सत्राची फी भरून केवळ १५ क्रेडिट, म्हणजे आठवड्याला पंधरा तासिका आणि त्याही पन्नास मिनिटांच्या. इकडे आमच्या महाविद्यालयात नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्राला २० ते २२ क्रेडिट झाले होते आणि मुले सकाळी साडेसातपासून दुपारपर्यंत वर्गात बसत होती. मी तिला विचारलेही, की उरलेला दिवस तू करतेस काय? उत्तर मला कॅटलॉगच्या पहिल्याच पानांवर मिळाले. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या व्याख्येनुसार एक क्रेडिट म्हणजे सुमारे पंधरा आठवडे दर आठवड्याला वर्गातील एक तास आणि त्याशिवाय वर्गाबाहेरचे किमान दोन तास. ही व्याख्या २०११ पासून लागू आहे. म्हणजे एका क्रेडिटचे ४५ तास झाले. आपल्याकडे तासिकांच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे वर्गातील १५ तास, आणि २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात स्वतःच्या अभ्यासासह वर्षाला १,२०० तास आणि ४० क्रेडिट धरले आहेत, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. हा हिशेब मी कागदावर मांडला. आपले २० क्रेडिट म्हणजे ६०० तास आणि त्यांचे १५ क्रेडिट म्हणजे ६७५ तास. आपली तीन वर्षांची पदवीही १२० क्रेडिटपासून सुरू होते आणि त्यांची चार वर्षांची पदवीही १२० क्रेडिटचीच असते, हे कोडेही त्याच कागदावर सुटले. ३० तासांचे १२० क्रेडिट म्हणजे ३,६०० तास, तर ४५ तासांचे १२० क्रेडिट म्हणजे ५,४०० तास. आकडा एकच असला तरी माप वेगळे आहे, हे न पाहता केलेली कोणतीही तुलना फसवी ठरते.

वर्गाबाहेरचे ते दोन तास कागदावरच राहत असतील, अशी माझी शंका होती. आपल्याकडे असे पुष्कळ तास कागदावर असतात आणि मी स्वतः ते वर्षानुवर्षे लेजरात चढवले आहेत. पण तिथे ते तास वसूल केले जातात. रसायनशास्त्राच्या प्रत्येक तासिकेआधी वाचायची पाने नेमून दिलेली असतात आणि तासिकेच्या पहिल्या पाच मिनिटांत त्यावर छोटी चाचणी होते. इंग्रजी लेखनाच्या विषयात तिने पहिल्या महिन्यात चार पानांचा एक निबंध तीनदा लिहिला. त्या निबंधाची प्रत मी पाहिली आहे. समासात प्राध्यापिकेने बारीक अक्षरांत प्रत्येक परिच्छेदावर प्रश्न लिहिले होते आणि शेवटी एवढेच होते, की तुझे मत काय आहे ते मला अजून कळलेले नाही. बारावीला इंग्रजीत ऐंशीच्या पुढे गुण मिळवलेल्या आमच्या मुलीला तिचे मत आजवर कोणी विचारलेच नव्हते.

भाराचे नियम थोडक्यात असे आहेत. किमान १२ क्रेडिट घेतले तर विद्यार्थी पूर्णवेळ मानला जातो. १२ ते १८ क्रेडिटपर्यंत फी एकच असते. १८ च्या वर प्रत्येक क्रेडिटचे वेगळे पैसे पडतात, जीपीए, म्हणजे सर्व श्रेणींची क्रेडिटनुसार काढलेली सरासरी, ३.० किंवा त्याहून अधिक असावा लागतो आणि डीनची लेखी परवानगी लागते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ही परवानगी मिळतच नाही. आपल्या मुलांना याशिवाय व्हिसाचा नियम असतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याने सत्राला किमान १२ क्रेडिट घेतलेच पाहिजेत आणि त्यांत ऑनलाइन विषय एकच, म्हणजे तीन क्रेडिटपर्यंतच, मोजला जातो. सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारातील काम आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त करता येत नाही. सत्राच्या पहिल्या आठवड्यात विषय बदलता येतो आणि साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत सोडता येतो, पण परदेशी विद्यार्थ्याने आंतरराष्ट्रीय कार्यालयाला न विचारता विषय सोडला आणि बेरीज १२ च्या खाली गेली, तर प्रश्न अभ्यासाचा न राहता व्हिसाचा होतो. माझ्या ओळखीच्या एका पालकांनी मुलाला फोनवर सरळ सांगितले होते, की जड जात असेल तर सोडून दे विषय. सुदैवाने मुलाने आधी कार्यालयात विचारले.

आता आमच्या मुलीचे पहिले सत्र. रसायनशास्त्र ४ क्रेडिट, त्यात डी. इंग्रजी लेखन ३ क्रेडिट, त्यातही डी. गणित ४ क्रेडिट, सी. बायबलचा जुना करार ३ क्रेडिट, बी. नवागतांचा परिचयवर्ग १ क्रेडिट, ए. एला चार, बीला तीन, सीला दोन आणि डीला एक गुण धरून प्रत्येक विषयाच्या क्रेडिटने गुणले की एकूण २८ गुण होतात, त्यांना १५ ने भागले की जीपीए १.८७. कॉलेजची किमान अट २.० ची आहे.

रसायनशास्त्राचे प्राध्यापक हे तिच्या ओळखीच्या घरातले म्हणावेत असे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो, वसतिगृह ओस पडते. त्या दिवशी या प्राध्यापकांनी तिला आणि आणखी दोन परदेशी मुलींना घरी जेवायला बोलावले होते. तिला थंडी वाजते म्हणून त्यांच्या पत्नीने स्वतःचा लोकरी स्वेटर तिला दिला, तो ती आजही वापरते. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत याच गृहस्थांनी तिला डी दिला. माझ्या पत्नीला हे समजेना. जेवू घालतात, स्वेटर देतात आणि दोन गुण वाढवत नाहीत, हे कसले ख्रिस्तीपण, असे ती म्हणाली. मी मात्र त्या एका गोष्टीवरून कॉलेजचा दर्जा ओळखला. आपल्याकडे शिकवणारा एक आणि उत्तरपत्रिका तपासणारा दुसरा असतो, कारण शिकवणाऱ्याच्या हाती गुण दिले तर तो ओळखीपाळखीत वाटून टाकील ही भीती, आणि अंतर्गत गुणांच्या याद्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला ती भीती खोटी वाटणार नाही. तिथे शिकवणे, प्रश्नपत्रिका काढणे आणि गुण देणे हे सारे एकाच माणसाकडे असते. अशा पद्धतीत दर्जा टिकायचा असेल तर माया आणि गुण यांची खाती वेगळी ठेवणारा शिक्षक लागतो. तो तिथे आहे.

निकालानंतर अकॅडमिक प्रोबेशनचे पत्र आले, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार याच पत्राची आहे. ते ई-मेलने आले, शुक्रवारी २२ डिसेंबर २०२३ रोजी, तिकडची संध्याकाळ झाल्यावर. कार्यालये त्यानंतर थेट मंगळवारी २ जानेवारीला उघडणार होती. पत्रात लिहिले होते, की तिचा शैक्षणिक दर्जा असमाधानकारक आहे आणि लागोपाठ दोन सत्रे तो तसाच राहिल्यास तिला एका सत्रासाठी निलंबित केले जाईल. निलंबन झाले तर पूर्णवेळ नोंदणी राहत नाही आणि तिच्यासोबत व्हिसाचा आधारही जातो, हे तिला माहीत होते. वसतिगृहात तिच्या मजल्यावर तीनच मुली उरल्या होत्या. आमच्याकडे २३ तारखेची सकाळ होती, घरात नाताळच्या करंज्या तळणे चालू होते आणि फोनवर ती बोलत नव्हती, केवळ रडत होती. ज्या कॉलेजच्या दारावर येशूचे वचन कोरलेले आहे, त्याने एका अठरा वर्षांच्या मुलीला असे पत्र दहा दिवसांच्या सुट्टीच्या तोंडावर पाठवू नये. पाठवायचेच असेल तर सोबत एखाद्या माणसाचा फोन जावा. मी हे त्यांना जानेवारीत लिहून कळवले. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि पद्धत बदलण्याचा विचार करू असे उत्तर दिले. अजून पद्धत बदललेली नाही.

त्याच आठवड्यात मी निबंधक कार्यालयाला ई-मेल करून तिचे विषयवार गुण मागितले होते. सुट्टीनंतर उत्तर आले, की विद्यार्थिनीच्या लेखी संमतीशिवाय ते तुम्हाला देता येणार नाहीत. हा तिथला १९७४ चा कायदा आहे. मूल उच्च शिक्षण घेऊ लागले की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातो. आम्ही पालकसभेत वडिलांना बोलावून मुलाची गुणपत्रिका त्यांच्या हातात देणारी माणसे, त्यामुळे मला ते उत्तर फार लागले. फी मी भरतो आणि गुण मला दाखवत नाहीत, हे पचवायला वेळ लागला. पुढे मुलीनेच संमतीचा अर्ज भरून दिला. तिने तो आपण होऊन भरला याचे मला आज अधिक मोल वाटते. जाणाऱ्या पालकांनी मात्र हा विषय मुलाशी विमानतळावर नव्हे, निघण्याच्या महिनाभर आधी घरात बसून बोलावा.

प्रोबेशनचा प्रत्यक्ष अर्थ आम्हाला जानेवारीत कळला. मी नोकरीतल्या माणसासारखा त्याचा अर्थ परिविक्षाधीन असा लावला होता, म्हणजे डोक्यावर टांगती तलवार. कॅटलॉगमध्ये तलवार एका वाक्यात होती आणि बाकीचे दीड पान उपायांचे होते. पुढच्या सत्रात १३ क्रेडिटपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. डी मिळालेले विषय पुन्हा घेता येतील आणि जीपीएमध्ये नवी श्रेणी जुनीची जागा घेईल. दर आठवड्याला सल्लागार प्राध्यापिकेशी अर्धा तास भेट बंधनकारक. लेखन केंद्रात आठवड्यातून दोनदा हजेरी. ग्रंथालयातील काम १२ तासांवरून ८ तासांवर.

हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. सत्तावीस वर्षे माझ्या टेबलावरून एटीकेटीचे अर्ज गेले. दोन विषयांत राहिलेला मुलगा पुढच्या सत्राला जातो तेव्हा त्याला त्या सत्राचे सगळे विषय असतात आणि मागचे दोन वर बसतात. जो पूर्ण ओझे घेऊन चालू शकला नाही, त्याच्या पाठीवर आपण सव्वापट ओझे ठेवतो आणि वर त्याला मेहनत कर म्हणून सांगतो. मागच्या विषयांच्या तासिकाही त्याला मिळत नाहीत, कारण त्या वेळी त्याचा पुढचा वर्ग चालू असतो. तो फक्त परीक्षेला बसतो. कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडून एसटीने येणारी किती मुले या वाढत्या यादीत अडकलेली मी पाहिली. आधी दोन विषय, मग चार, मग विलंब शुल्कासह अर्ज, मग एक दिवस अर्जच येत नाही. मी त्यांना वेळेत सीट नंबर दिले, याद्या चुकू दिल्या नाहीत, आणि यातच आपले कर्तव्य संपले असे मानत राहिलो. मुलगा घसरला तर त्याचे ओझे आधी उतरवावे, हा विचार त्या सत्तावीस वर्षांत एकाही बैठकीत माझ्या कानावर आला नाही आणि माझ्याही मनात आला नाही. नव्या धोरणात आता मधूनच बाहेर पडण्याची आणि परत येण्याची सोय आहे, क्रेडिट साठवण्यासाठी २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. हे चांगलेच झाले. पण बाहेर पडण्याची सोय वेगळी आणि आत राहून हळू चालण्याची सोय वेगळी.

परदेशी विद्यार्थ्यासाठी या नियमात एक खाच आहे आणि ती कॅटलॉगमध्ये कुठेही लिहिलेली नाही. व्हिसा म्हणतो १२ पेक्षा कमी नको, प्रोबेशन म्हणते १३ पेक्षा जास्त नको. मधे एकाच क्रेडिटची जागा उरते. तीन क्रेडिटचा एकही विषय मधेच सोडला असता तर ती १० वर आली असती. अमेरिकन मुलीला अशा वेळी विषय सोडून श्वास घेता येतो, आमच्या मुलीला तो मार्ग नव्हता. भाषेची किंवा शिकवण्याच्या पद्धतीची सुरुवातीची अडचण असेल तर व्हिसाच्या नियमांत एकदाच, आधी परवानगी घेऊन, किमान ६ क्रेडिटपर्यंत खाली येता येते. ही माहिती कॉलेजने पत्रासोबत द्यायला हवी होती. ती आम्हाला फेब्रुवारीत, विचारल्यावर मिळाली.

दुसऱ्या सत्रात तिने रसायनशास्त्र आणि लेखन हे दोन्ही विषय पुन्हा घेतले, दोन्हींत बी मिळवला. नवा करार बी, मानसशास्त्र ए. जुने दोन डी हिशेबातून गेले आणि एकूण जीपीए ३.०० झाला. पहिला डी देणारे प्राध्यापकच दुसऱ्यांदा शिकवायला होते. पहिल्या चाचणीच्या दिवशी त्यांनी तिला एवढेच विचारले, की स्वेटर ऊबदार आहे ना?

वर्ष संपले तेव्हा तिचे २१ क्रेडिट झाले होते, मैत्रिणींचे ३० च्या पुढे. एका वर्षाची फी म्हणजे काय हे तिला ठाऊक असल्याने तिने ऑगस्ट २०२४ मध्ये २० क्रेडिटचा अर्ज केला. ३.०० वर ती नियमात बसत होती. मीही तिला पाठिंबा दिला, वरच्या दोन क्रेडिटचे पैसे भरायची तयारी दाखवली. सल्लागार प्राध्यापिकेने तिला नाही म्हटले नाही. तिच्यापुढे आठवड्याचा एक कोरा तक्ता ठेवला, सात उभे रकाने आणि चोवीस आडव्या ओळी, आणि पेन्सिल दिली. या तक्त्याचा फोटो माझ्याकडे आहे. आधी तिला रविवारचा रकाना रेघ मारून बाजूला काढायला सांगितले. उरले १४४ तास. झोपेचे ४८ काढले, जेवण, अंघोळ, कपडे, येणे-जाणे यांचे २४ काढले. कामाचे १२, उपासनेचे २. राहिले ५८. वीस क्रेडिटला तीन तासांच्या हिशेबाने लागतात ६०. तक्त्याच्या तळाशी तिच्या अक्षरात उणे दोन लिहिलेले आहे. हे दोन तास तू आधी रविवारातून काढशील आणि मग झोपेतून, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी दुसरा हिशेब करायला लावला. १२० मधून २१ गेले, राहिले ९९, सत्रे राहिली सहा, म्हणजे सत्राला साडेसोळा. एकदा १६, एकदा १७ घेतले की पदवी ठरल्या वेळी होते. घाई नेमकी कशाची आहे? तिने अर्ज मागे घेतला.

रविवारचा तो रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो. माझ्या आईच्या काळी आमच्या घरात शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळला जाई, त्या दिवशी शिवणयंत्रावर कापड झाकलेले असे. पुढे नोकरीत निकालाच्या दिवसांत मी कित्येक रविवार कार्यालयात काढले आणि ते भूषण मानले. हे कॉलेज ख्रिस्ती आहे ते कशावरून, असे कोणी मला विचारले तर मी त्या तक्त्याकडे बोट दाखवीन. विश्रांतीची आज्ञा तिथे सल्लागाराच्या टेबलावर, क्रेडिटच्या हिशेबात उतरलेली आहे.

जिथे ख्रिस्तीपण मिरवले जाते तिथे मात्र मला ते कमी दिसले. आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटांची उपासना असते आणि सत्रात ठरावीक संख्येइतकी हजेरी सक्तीची आहे. दारात ओळखपत्र यंत्राला दाखवून हजेरी लागते. हजेरी कमी पडली तर पुढच्या सत्राची नोंदणी रोखली जाते. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही. तिथल्या खासगी कॉलेजला ते बंधन नाही आणि प्रवेश घेताना विद्यार्थी ही अट मान्य करून सही करतो, म्हणून याला अन्याय म्हणता येणार नाही. परंतु मी स्वतः श्रद्धावान असूनही सांगतो, की प्रार्थनेची हजेरी आणि रसायनशास्त्राची नोंदणी यांची अशी गाठ मारणे मला पटत नाही. मुलगी सांगते, की मागच्या बाकांवर बसून मुले मोबाइल पाहत असतात. अन्य धर्मीय कुटुंबांनी ही अट, आणि बायबलचे जे अनिवार्य विषय पदवीत आहेत तेही, आधी नीट वाचून घ्यावेत. त्या विषयांत श्रद्धेला गुण नसतात, वाचनाला आणि लेखनाला असतात, हे अनुभवावरून खात्रीने सांगू शकतो.

आणखी एक असमानता राहते. अमेरिकन मुले शाळेत असतानाच एपी या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा देऊन काही क्रेडिट खिशात घेऊन येतात. आमच्या मुलीच्या बारावी विज्ञानाच्या गणिताला आणि रसायनशास्त्राला या कॉलेजने एकही क्रेडिट दिले नाही. मी अभ्यासक्रमाचे इंग्रजी भाषांतर करून पाठवले, तरीही नाही. पहिल्या सत्रातील गणिताचा निम्मा भाग तिने बारावीला केलेला होता.

सगळे धरून मी या कॉलेजला पाचपैकी चार गुण देईन. एक गुण त्या २२ डिसेंबरच्या पत्राचा आणि उपासनेच्या यंत्राचा मिळून कापला आहे. ज्यांचे मूल हुशार आहे पण एकटे पडले तर खचेल असे वाटते, त्यांनी अशा लहान कॉलेजचा जरूर विचार करावा. ज्यांना तीन वर्षांत पदवी उरकून पैसे वाचवायचे आहेत त्यांची इथे निराशा होईल, कारण ही माणसे घाई करू देत नाहीत. प्रवेशाच्या वर्षीचा कॅटलॉग पूर्ण उतरवून घरी जपून ठेवावा, कारण तिथे विद्यार्थ्याला त्याच्या प्रवेशाच्या वर्षीचे पदवीचे नियम लागू राहतात आणि पुढच्या आवृत्तीत विषय बदललेले असतात. आमच्या बाबतीत एक विषय असाच बदलला होता, तेव्हा जुनी प्रत दाखवूनच काम झाले.

तिचे आजवर ७० क्रेडिट पूर्ण झाले आहेत आणि चालू सत्रात १७ आहेत. मागच्या आठवड्यात सकाळी साडेसातला, म्हणजे तिकडच्या रात्री आठला, तिचा फोन आला. लेखन केंद्रात आता तिला आठवड्याला सहा तासांचे काम मिळाले आहे, पहिल्या वर्षाच्या मुलांचे निबंध वाचण्याचे. प्रोबेशनवर असलेली व्हिएतनामची एक मुलगी तिच्याकडे येते. तिला आमच्या मुलीने तो कोरा तक्ता छापून दिला आहे.